अर्ध्या डोसची ट्यूब: एमआयसीचं प्रॅक्टिकल कसं करायचं आणि त्यातून गोळ्यांचं काय कळतं

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तीन दिवस दही लागेना. सासूबाईंनी आधी विरजणाला नावं ठेवली, मग पातेल्याला, मग अर्थातच मला, कारण मी म्हणे झाकण नीट ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी दूध दुधासारखंच, दुसऱ्या दिवशी तार सुटलेलं पाणीदार कायतरी, तिसऱ्या दिवशी लागलं पण कवडी धरेना, आणि चौथ्या दिवशी एकदम घट्ट, चमच्यानं कापावं असं. सांगलवाडीहून दूध घालणाऱ्या मामांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "ताई, गाईला दगडी झाल्ती, डॉक्टरनी सडात ट्यूब सोडलीया."

दगडी म्हणजे कासदाह आणि सडात सोडायची ती ट्यूब म्हणजे अँटिबायोटिक. औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध कुणाला घालायचंच नसतं, हे मामांना मी नंतर नीट समजावलं (ऐकतात ते, वेळ लागतो एवढंच). आणि उकळलं की जातंय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, पेनिसिलीनसारखी औषधं दूध उकळून जात नाहीत, थोडी कमी होतात फक्त. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. चार दिवसांची चार पातेली, रोज दुधातलं औषध उतरत गेलं आणि विरजणातले जंतू रोज थोडे जास्त वाढत गेले. टीवायला (बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला) आम्ही दहा टेस्ट ट्यूबा ओळीनं लावून, औषध निम्मं निम्मं करत जे करतो ते सासूबाईंच्या ओट्यावर फुकटात झालं होतं.

तर हे त्या दहा ट्यूबांबद्दल. मी सांगलीत मायक्रोच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं पोरं शिकवतेय, दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला तेच प्रश्न, त्याच चुका आणि जर्नलमध्ये तीच कॉपी, म्हणून एकदाच लिहून टाकते. लॅबशी संबंध नसलेल्यांनी मधलं मापं-बिपं वाचलं नाही तरी चालेल, गोळ्यांचं शेवटी आहे.

एमआयसी म्हणजे मिनिमम इनहिबिटरी कॉन्सन्ट्रेशन, ज्या कमीत कमी औषधात जंतूंची डोळ्याला दिसणारी वाढ थांबते ती मात्रा. थांबते म्हटलं मी, मरतात नाही म्हटलं, व्हायवाला इथंच निम्मे पडतात. पोरं काय करतात तर पहिली स्वच्छ ट्यूब शोधतात, तिचा आकडा लिहितात आणि चहाला जातात. माझं म्हणणं एवढंच की त्या स्वच्छ ट्यूबच्या शेजारची जी आहे ना, जिच्यात औषध आहे पण पुरेसं नाही, ती सगळ्यात जास्त वेळ बघा. रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्याची, निम्मी गोष्ट तिच्यातच दिसते.

आधी सामान गोळा करूया

कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, कुणाच्या युरिनचं नाही, कुणाच्या जखमेचं नाही. मिरज शेजारीच, त्यामुळे कुणाचा तरी मावसभाऊ कुठल्यातरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतोच आणि तो म्हणतोच की मस्त रेझिस्टंट स्ट्रेन देतो. नको. कॉलेजच्या लॅबमध्ये ते सांभाळायची सोय नसते आणि हात पुसायचा नॅपकिन आणि डबा उघडायचा नॅपकिन एकच असलेली पोरं मी बघितलीत. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एटीसीसी २५९२२ हा स्ट्रेन (वाण) जगभर क्वालिटी कंट्रोलला वापरतात, तो घ्या. असे स्ट्रेन कल्चर कलेक्शनमधून कॉलेजच्या लेटरहेडवर मागवता येतात, आपल्याला पुण्याच्या एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) कलेक्शन जवळ. याचा फायदा असा की या स्ट्रेनची अँपिसिलीनची एमआयसी २ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली यायला पाहिजे हे आधीच ठरलेलं आहे, म्हणजे तुमचं ३२ आलं तर शोध लागला नाहीये, चूक झालीये.

औषध म्हणजे शुद्ध पावडर. मेडिकलमधनं कॅप्सूल आणून फोडायची नाही, तिच्यात औषधाशिवाय बाकीचाही भरणा असतो आणि कितीत किती आहे ते तुम्हाला कळणार नाही. पावडरच्या बाटलीवर पोटन्सी लिहिलेली असते, समजा ९५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम, म्हणजे तुम्ही १ मिलिग्रॅम घेतलं तरी खरं औषध ९५० मायक्रोग्रॅमच. १० मिली स्टॉक (पुढं पातळ करायचं मूळ द्रावण) १२८० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं करायचंय तर १० गुणिले १२८० भागिले ९५०, म्हणजे १३.४७ मिलिग्रॅम. आता आपल्या काट्यावर १३.४७ आणायला बसलात तर दुपार जाईल आणि पावडर हवेतली ओल खाईल. त्यापेक्षा १४ च्या आसपास जे येईल ते घ्या आणि पाणी बदला. समजा १४.२ आलं, तर १४.२ गुणिले ९५० भागिले १२८०, म्हणजे १०.५४ मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर. अँपिसिलीनचं सोडियम सॉल्ट असलं तर पाण्यात सहज विरघळतं. आणि स्टॉक त्याच दिवशी करा, हे औषध द्रावणात टिकत नाही, गेल्या महिन्यातली फ्रीजच्या दारात ठेवलेली बाटली काढून प्रॅक्टिकल करायचं आणि मग एमआयसी जास्त आली म्हणून माझ्याकडे यायचं हे दरवर्षीचं आहे.

ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं पातळ खाद्य, म्युलर-हिंटन, पीएच ७.२ ते ७.४. न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये पण वाढ होते हो, पण मग तुमचा आकडा कुणाच्या आकड्याशी लावता येत नाही.

ट्यूबा लावताना

स्टॉक १ मिली आणि ब्रॉथ ९ मिली एकत्र केलं की १२८ झालं. पहिल्या ट्यूबमध्ये ह्यातलं २ मिली. दुसरीपासून दहावीपर्यंत प्रत्येकीत नुसता ब्रॉथ १ मिली. आता पहिलीतलं १ मिली उचलून दुसरीत, नीट मिसळा, दुसरीतलं १ मिली तिसरीत, असं करत दहावीपर्यंत, आणि दहावीतलं १ मिली फेकून द्या. प्रत्येक ट्यूबमध्ये आता १ मिली आहे आणि औषध १२८, ६४, ३२ असं निम्मं निम्मं होत ०.२५ पर्यंत आलं. यात वरून १ मिली जंतूंचं द्रावण पडणार, म्हणजे सगळं परत निम्मं, शेवटचा हिशोब ६४ पासून ०.१२५ पर्यंत. हा शेवटचा निम्मा बरेच जण विसरतात आणि जर्नलमध्ये दुप्पट एमआयसी लिहितात.

दर ट्यूबला पिपेटची टिप बदला. बदला म्हणजे बदला. जुन्या टिपच्या बाहेर चिकटलेलं औषध पुढच्या ट्यूबात जातं, खालच्या ट्यूबांमध्ये तुमच्या हिशोबापेक्षा जास्त औषध होतं आणि एमआयसी उगाच कमी दिसते. टिपा महाग आहेत हे मला पण माहितीये, स्टॉक रजिस्टर माझ्याकडेच असतं.

दोन ट्यूबा वेगळ्या. एकीत १ मिली ब्रॉथ आणि १ मिली जंतू, औषध नाही, ही ग्रोथ कंट्रोल. दुसरीत २ मिली ब्रॉथ नुसता, ही स्टेरिलिटी कंट्रोल. सकाळी पहिली गढूळ आणि दुसरी स्वच्छ नसेल तर मधल्या दहा ट्यूबांकडे बघूच नका, सगळं परत करा.

आता जंतू किती टाकायचे. इथं गंमत आहे, कारण सगळ्यांचं लक्ष औषधाच्या डोसवर असतं आणि जंतूंचाही एक डोस असतो हे कुणी बघत नाही. प्रत्येक ट्यूबमध्ये मिलीला ५ लाख जंतू पाहिजेत. त्यासाठी आधी ०.५ मॅकफारलँड (गढूळपणाचं ठरलेलं माप) एवढा गढूळपणा करायचा, जुळवायची ती ट्यूब लॅबमध्येच बनते, १ टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिड ९.९५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली. (बेरियम विषारी आहे, तोंडानं पिपेट ओढायची नाही, आणि ॲसिडमध्ये पाणी नाही तर पाण्यात ॲसिड, हे अकरावीत शिकलेलं आठवा.) ती ट्यूब अंधारात ठेवायची आणि वापरण्याआधी हलवायची. ताज्या कॉलनीपासून सलाईनमध्ये द्रावण करा आणि पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा मारून त्याच्यापुढे दोन्ही ट्यूबा धरून जुळवा, किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर असला तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ यायला पाहिजे. जुळलं की मिलीला साधारण १५ कोटी जंतू झाले. त्यातलं ०.१ मिली १४.९ मिली ब्रॉथमध्ये टाका, मिलीला १० लाख. हे १ मिली ट्यूबात गेलं की औषधाबरोबर निम्मं होऊन ५ लाख. करून झालं की १५ मिनिटांच्या आत ट्यूबात घाला, नाहीतर तुम्ही गप्पा मारताय तोवर ते वाढतात.

खरंच ५ लाख पडले का ते तपासायला ग्रोथ कंट्रोलमधले ताजे ०.०१ मिली १० मिली सलाईनमध्ये आणि त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास कॉलन्या दिसल्या तर तुम्ही शहाणे. जंतू शंभरपट जास्त पडले तर काही औषधांची एमआयसी खूप वर जाते, खास करून ज्या जंतूंकडे औषध तोडणारं बीटा-लॅक्टमेज एन्झाईम असतं त्यांच्यात, कारण जंतू जास्त म्हणजे एन्झाईम जास्त आणि वाटणीला औषध कमी.

३५ डिग्रीला १६ ते २० तास. संध्याकाळी ५ ला ठेवलं की सकाळी १० ला काढा. लाईटच्या मेंटेनन्सचा वार आधी विचारून घ्या, रात्री चार तास इनक्युबेटर बंद होतं हे सकाळी वॉचमनकडनं कळण्यात अर्थ नाही.

सकाळचं रीडिंग

ट्यूबा न हलवता आधी खालनं बघा, तळाला बटणासारखा पांढरा ठिपका बसलेला असतो. मग हलवा. समजा ६४ ते ४ स्वच्छ आणि २ पासून खाली गढूळ, तर एमआयसी ४. मधलीच एखादी, म्हणजे ८ ची गढूळ आणि ४ ची स्वच्छ असं झालं तर ती पिपेटची चूक किंवा बाहेरचा जंतू, अशी एक असली तर सोडून द्या, दोन असल्या तर परत करा. तीनदा केल्यावर २, २ आणि ४ आलं तर २.६७ लिहायचं नाही! हा आकडा ट्यूबांच्या ओळीत कुठं आहे दाखवा मला. पायऱ्या दुप्पट-निमपट आहेत, एक पायरी इकडे तिकडे हे या पद्धतीत चालतंच, जास्त वेळा आलेलं लिहा आणि रेंज लिहा.

मेले का थांबले ते बघायला स्वच्छ ट्यूबांमधलं प्रत्येकी ०.०१ मिली औषध नसलेल्या प्लेटवर टाका. सुरुवातीला तेवढ्यात ५००० जंतू होते. हजारात ९९९ मेले असं म्हणायचं तर ५ किंवा कमी कॉलन्या यायला पाहिजेत, ती एमबीसी (मिनिमम बॅक्टेरिसायडल कॉन्सन्ट्रेशन, मारणारी कमीत कमी मात्रा). अँपिसिलीन जंतू मारणारं औषध, त्यामुळे दोन आकडे जवळ येतात. क्लोरॅम्फेनिकॉलसारखं नुसतं रोखून धरणारं औषध घेतलं तर ई. कोलायमध्ये स्वच्छ ट्यूबमधनं पण कॉलन्या उगवतात आणि पोरांचे डोळे मोठे होतात.

आता ती शेजारची ट्यूब

वेळ असेल तर अजून एक सेट लावा, औषध नसलेली, एमआयसीच्या पावपट, निमपट आणि दुप्पट औषधाची अशा चारच ट्यूबा, आणि अर्ध्या अर्ध्या तासानं ६०० नॅनोमीटरला रीडिंग घेऊन ग्राफ काढा. या सेटला जंतू थोडे जास्त घ्या, वाढायला लागलेलं कल्चर घ्या, नाहीतर पहिले काही तास यंत्राला काहीच दिसत नाही. औषध नसलेली रेघ आधी सपाट, मग चढ, मग वर जाऊन परत सपाट, पुस्तकातल्यासारखी. पावपटवाली जवळपास तशीच पण जराशी मागनं. निमपटवाली उशिरा उठते, तिरकी चढते, कधी मध्ये वाकते आणि परत वर जाते. ह्या ग्राफवरून डोस वाढला की वाढ सरळ रेषेत कमी होत नाही हे दिसतं, बराच वेळ फारसं काही होत नाही आणि मग एका छोट्या पट्ट्यात एकदम सगळं बदलतं.

आणि त्या निमपटवाल्या ट्यूबमधलं तीनेक तासांनी एक लूपभर घेऊन ग्रॅम स्टेन करा, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा. माझं हे सगळ्यात आवडतं. नेहमीच्या बुटक्या काड्यांऐवजी शेवयांसारखे लांबच लांब धागे दिसतात. अँपिसिलीन कमी असलं की जंतू लांबीला वाढत राहतो पण मधे भिंत घालून दोन व्हायचं जे काम आहे ते अडतं, कारण ते काम करणारं प्रथिन आधी बंद पडतं. मेलेला नसतो तो. औषध काढून घ्या, तुकडे पडून परत काड्या होतात. म्हणूनच ओडी (यंत्रावरचं गढूळपणाचं रीडिंग) बघून फसायचं नाही, यंत्राला गढूळपणा कळतो, डोकी मोजता येत नाहीत.

इथं एक पोरगं दरवर्षी विचारतं, मॅडम, ही निमपटवाली घेऊन पुढच्या जास्त औषधाच्या ट्यूबात टाकली तर? टाकायची नाही. असं टप्प्याटप्प्यानं चढवत नेलं की रेझिस्टंट जंतू तयार होतात हे सगळ्यांना माहिती आहे, आपल्या सिंकच्या शेजारी ते परत करून बघायची गरज नाही. हार्वर्डमध्ये २०१६ साली हे नीट सोय करून केलं होतं, साधारण ६० बाय १२० सेंटीमीटरची अगरची प्लेट, कडेला औषध शून्य आणि मध्याकडे पट्ट्या पट्ट्यांनी दहा दहा पट वाढत गेलेलं, ई. कोलाय प्रत्येक पट्टीच्या बॉर्डरला अडायचे, थांबायचे, मग कुठंतरी एक म्युटंट (जनुकात बदल झालेला जंतू) निघायचा आणि पंख्यासारखा पुढं पसरायचा, दोन आठवड्यांच्या आत मधल्या सगळ्यात कडक पट्टीपर्यंत पोचले. व्हिडिओ बघा, हात धुवायची पण गरज नाही.

रेझिस्टन्स येतो कुठनं

बहुतेकांचा समज असा की अर्धा डोस घेतला की जंतू औषधाला सरावतात, आपण तिखटाला सरावतो तसं. पेनिसिलीनवाल्या फ्लेमिंगनं पण १९४५ च्या नोबेलच्या भाषणात अर्धवट डोसबद्दल बजावताना जंतूंना 'शिकवणं' असाच शब्द वापरला होता. गंमत म्हणजे त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४३ ला, लुरिया आणि डेलब्रुक यांनी दाखवलं होतं की जंतू शिकत-बिकत नाहीत, तग धरणारे म्युटंट आधीपासूनच गर्दीत असतात (त्यांनी ते जंतू खाणाऱ्या व्हायरसवर दाखवलं, पण गोष्ट तीच). औषध फक्त निवड करतं. फ्लेमिंगचा इशारा मात्र बरोबर होता, शब्द जरा चुकला.

आता आकडे लावून बघा. रिफाम्पिसिनला दाद न देणारा म्युटंट साधारण १० कोटी जंतूंत एक असतो. आपल्या ट्यूबमध्ये २ मिलीत १० लाख जंतू, त्यात तो बहुतेक नसतोच, म्हणून एमआयसी छान स्वच्छ येते. पण एखाद्या गळवात १०० कोटी जंतू असले तर तिथं गोळी तोंडात टाकायच्या आधीच दहाएक म्युटंट बसलेले असतात. टीबीला एकावेळी अनेक औषधं का देतात याचं उत्तर पण इथंच, एका औषधाला चुकवणारा सापडेल, पण एकाच जंतूत दोन-तीन औषधं चुकवणारे बदल एकदम असायची शक्यता गुणाकारानं खाली जाते.

साध्या जंतूंना थांबवेल पण त्या म्युटंटला थांबवणार नाही असा औषधाचा एक पट्टा असतो, एमआयसीच्या वरचा. त्या पट्ट्यात औषध रेंगाळलं की बाकीचे गप्प, जागा मोकळी, आणि एकटा म्युटंट वाढतो. पूर्वी वाटायचं धोका एवढाच, एमआयसीच्या खाली सगळेच वाढतात तर निवड कसली. पण २०११ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या लोकांनी दाखवलं की एमआयसीच्या कितीतरी खाली, काही ठिकाणी शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी औषधात पण, रेझिस्टंटवाला बाकीच्यांपेक्षा थोडा पुढं राहतो आणि हळूहळू गर्दी त्याची होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांचं अजून एक, ती डीएनएला धक्का देतात आणि जंतू घाईत दुरुस्ती करताना जास्त चुका करतो, म्हणजे जास्त म्युटेशन.

तासगावकडनं येणाऱ्या पोरांना हे मला समजवायला लागत नाही. त्यांच्या घरी द्राक्षबाग असते, डाऊनी रोगावर तेच औषध परत परत आणि मापात कमी मारलं की पुढच्या छाटणीला ते औषध ऐकत नाही हे त्यांच्या वडिलांनी पैसे घालवून शिकलेलं असतं.

मग गोळीचं काय

ट्यूबमध्ये औषध एकाच मापाचं रात्रभर राहतं, अंगात तसं नसतं, चढतं आणि उतरतं. अमॉक्सिसिलीन रक्तातनं साधारण तासाभरात निम्मं होतं, म्हणून ते दिवसातनं तीनदा देतात. या गटाच्या औषधांना एमआयसीच्या वर किती वेळ राहिलं ते महत्त्वाचं, एकदम दुप्पट घेऊन फायदा नसतो. सकाळी ८ ला घेतली, दुपारची विसरली, आता रात्री दोन एकदम घेतो असं करणाऱ्यांनी दुपारभर अंगात ती निमपटवाली ट्यूब चालू ठेवलेली असते. जेंटामायसिनचं उलट, त्याला एकदम उंच शिखर लागतं, म्हणून ते बऱ्याचदा दिवसाचं एकदाच देतात. अझिथ्रोमायसिन शरीरात दिवसेंदिवस राहतं, म्हणून दिवसाला एक आणि तीन-पाच दिवसांत बंद. शेजारणीच्या तीन गोळ्या आणि तुमच्या एकवीस, यावरनं कुणाचा डॉक्टर भारी हे ठरत नाही.

आपल्याकडं दुधाची एक भानगड आहे. उष्ण पडू नये म्हणून गोळी दुधाबरोबर घ्यायची सवय, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात कमी जातात. पूर्ण डोस घेऊन अर्धा डोस करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. लोहाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध याचंही तेच. पाण्यानं घ्या आणि मधे किती तास सोडायचे ते मेडिकलवाल्याला विचारा. पोट बिघडू नये म्हणून काही गोळ्या जेवून घ्यायच्या असतात, ते वेगळं.

मग पट्टीतनं चार गोळ्या कापून आणायचं. सर्दीसाठी तर मुळात नकोच, सर्दी व्हायरसची, तिथं ही गोळी फक्त पोटातल्या बिचाऱ्या जंतूंवर चालते आणि निवड तिथं होते. पट्टीवर उभी लाल रेघ असली तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ ही औषधांची सरकारी यादी लागू आहे, त्यातल्या औषधांची नोंद दुकानदारानं पेशंट आणि डॉक्टरच्या नावानिशी रजिस्टरमध्ये ठेवायची असते, त्यामुळे त्यानं चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर चिडू नका.

आणि कोर्सचे दिवस. "बरं वाटलं तरी पूर्ण करा" हे आम्ही वर्षानुवर्षं भिंतीवर लिहीत आलो, आता मला ते अर्धंच बरोबर वाटतं. टीबीमध्ये एक दिवस पण सोडायचा नाही, तिथं वाद नाही. पण साध्या न्युमोनियासारख्या बऱ्याच आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असं दिसून आलंय, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं की अंगावरच्या बाकीच्या जंतूंवर उगाच निवड चालू राहते. माप पूर्ण, वेळा पूर्ण, आणि दिवस डॉक्टरनी सांगितले तेवढे, मधेच बरं वाटलं तर स्वतः बंद न करता फोन करून विचारायचं. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पोराला देणं हे सगळ्यात वाईट, एक तर माप वेगळं आणि आजार पण वेगळा.

कल्चर रिपोर्ट हातात आला की लोक मला फोटो पाठवतात. त्यात प्रत्येक औषधापुढं एमआयसी आणि एस (औषध चालेल), आय (मधलं) किंवा आर (चालणार नाही) असतं. लोक काय करतात तर सगळ्यात छोटा आकडा शोधतात, मॅडम हे ०.२५ आहे आणि ते ८ आहे म्हणजे ०.२५ वालं भारी ना? नाही ओ. प्रत्येक औषध अंगात वेगवेगळं चढतं म्हणून प्रत्येकाची पास व्हायची रेघ वेगळी. ई. कोलायसाठी अँपिसिलीन ८ असलं तरी एस, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन १ असलं तरी आर. आकडे आडवे लावायचे नाहीत, पुढचं अक्षर बघायचं. 'आय' असलं की काही वेळा मोठ्या डोसनं किंवा औषध जिथं साठतं अशा जागी, म्हणजे लघवीत, काम होऊ शकतं, पण ते ठरवणं डॉक्टरचं, माझं पण नाही.

लॅबवाल्यांनो, पळू नका, आवरायचं राहिलंय. गढूळ-स्वच्छ सगळ्या ट्यूबा, प्लेटा, टिपा ऑटोक्लेव्हला, १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, कचऱ्याला मी ३० मिनिटं ठेवते. त्याआधी एकही थेंब सिंकमध्ये नाही. आणि अँपिसिलीनची पावडर सांडली तर पुसताना ग्लोव्हज घाला, कुणाला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असली तर त्यांनी वजन करायच्या टेबलाजवळ यायचंच नाही, आधी सांगा, मी दुसऱ्या औषधाचा सेट देते.

व्हायवाला बाहेरनं आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, बहुतेक विचारतात ते असं, एमआयसीच्या ट्यूबमध्ये जिवंत जंतू असतात का? असू शकतात, आणि किती ते प्लेटवर टाकल्याशिवाय सांगता येत नाही असं उत्तर द्या. मग ते म्हणतील, दाखवा प्लेट. तर ती प्लेट व्हायवा होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, मागच्या वर्षी एकानं आदल्या दिवशी ऑटोक्लेव्ह करून टाकली होती.